मशीनने सोडलेले कोपरे

कुणाच्याही तोंडाकडे बघितलं की मी मनातल्या मनात ते पोलादात खणायला घेते. नाक सगळ्यात खोल जाणार, ओठ त्याहून थोडे कमी, कपाळ नुसतं खरवडलं तरी पुरे. ही माझी जुनी खोड आहे आणि ती चांगली नाही, कारण समोरचा माणूस पोटतिडकीने काही सांगत असतो आणि माझं लक्ष त्याच्या हनुवटीखालच्या वळीवर असतं. लग्नाआधी मला बघायला आलेल्या मंडळींतल्या एका बाईंनी तर तक्रारच केली होती की मुलगी डोळे वटारून बघते. त्यांचं नाक चांगलं भरदार होतं. त्याला कुठली छिन्नी लागेल, एवढंच मी ठरवत होते.

माझं माहेर चिंचणीत, डाय कोरणाऱ्यांच्या आळीत. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा आणि त्यात दागिन्याचा आकार उलटा कोरलेला. सोनार त्या खळग्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबतो आणि पत्र्यावर फूल उठून येतं. जी पाकळी वर यायला हवी ती आम्हाला खाली खणावी लागते. डाव्या कानाचं फूल हवं असेल तर ठोकळ्यात ते उजव्या कानाचं दिसतं. लहानपणापासून हेच बघितल्यामुळे आमच्या आळीतल्या पोरांना खड्डा दिसला की फुगवटा दिसायचा. वडिलांनी मला छिन्नी हातात दिली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. पोरीला हे कशाला, असं जो तो विचारायचा. वडील मान वर न करता म्हणायचे, "हात हाय तिला." यापलीकडे त्यांनी माझं कधी कौतुक केलं नाही आणि मला ते जन्मभर पुरलं.

घराच्या बाजूला पडवी होती. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली सागाच्या ओंडक्याचा ठिय्या, त्यावर ठोकळा धरायचा लोखंडी शिकंजा. वडील एका बाजूला मांडी घालून बसायचे, मी दुसऱ्या बाजूला, आणि माझा धाकटा भाऊ जमलं तर मध्ये. कोरताना मध्येच थांबून वडील अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग त्या खळग्यात जोरात दाबायचे आणि हात उलटा करून खिडकीशी धरायचे. कातडीवर क्षणभर फूल उमटलेलं असायचं, लालसर, सगळ्या पाकळ्यांसकट. ते विरायच्या आत कुठे कमी आहे ते बघून घ्यायचं. बाकीचे कारागीर मेण दाबून बघतात. वडिलांना मेण पटायचं नाही. मेण खुशामत करतं, कातडी करत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्याही अंगठ्याखाली तिथे आता घट्टा पडला आहे.

लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडेच गेले. नवरा बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. तो निघाला की मी माहेरच्या पडवीत येऊन बसायची आणि दुपारपर्यंत कोरायची. वडील गेल्यावरही यात काही बदललं नाही. ठिय्याची एक बाजू रिकामी झाली, एवढंच.

बदललं ते मशीन आल्यावर. भावाने बोईसरला जाऊन कॉम्प्युटरवर डिझाईन काढायला शिकून घेतलं होतं. मग पुढच्या खोलीत सीएनसी मशीन आलं, ते चालवायला उत्तर प्रदेशातला एक ऑपरेटर आला. मी मशीनला ओवाळलं. खोटं कशाला सांगू, मला कौतुकच वाटलं होतं. तेलाच्या धारेखाली ती बारीक सुई फिरत होती आणि ज्या कामाला माझा आठवडा जायचा ते दुपारच्या चहापर्यंत उरकत होतं. डोळे माझे पूर्वीसारखे राहिले नव्हतेच. मला वाटलं, बरं झालं, ढोबळ काम हे करील, नाजूक मी करीन. भावाने तसंच सांगितलंही होतं. "हात नि मशीन बरोबर चालतील, ताई. तुझ्याबिगर मशीन अर्धंच हाय."

भाऊ गोड बोलतो. तोंडाला पानं पुसतानाही आधी पानं धुऊन घेईल असा आहे.

पहिलं काय झालं, तर एका सकाळी पडवीतली फळी रिकामी दिसली. त्या फळीवर वडिलांनी कोरलेले जुने ठोकळे होते, तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. मी विचारलं तर म्हणाला, बोईसरच्या भंगारवाल्याला दिले, जागा अडत होती. "चांगल्या चांगल्या स्कॅन करून फाईली बनवल्यात ना. पाहिजे तेवा काढायची." आणि बाकीच्यांचं काय? बाकीचे गंजले होते, म्हणाला, झिजले होते, कुणी विचारत नव्हतं. मी त्या भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, कालच गाडी भरून गेली. पोलाद वितळायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. परत येताना रिक्षात शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का म्हणून. मी हो म्हटलं.

दुसरं झालं दसऱ्याला. खंडेनवमीला छिन्न्या आणि हातोड्या धुऊन पाटावर मांडायच्या, झेंडू वाहायचा आणि दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्या आळीची रीत. हत्याराला वर्षातून एकदा विसावा. भावाने मशीनला मोठा हार घातला, कॉम्प्युटरच्या माऊसला कुंकू लावलं. छिन्न्यांचा पाट कोपऱ्यात सरकवला. आणि आरती झाल्या झाल्या मशीन सुरू केलं. "ऑर्डर अर्जंट हाय," म्हणाला. हार गळ्यात घालून ते मशीन दिवसभर चाललं आणि झेंडूच्या पाकळ्या तेलात पडत राहिल्या. ऑपरेटर त्या चिमट्याने काढत होता. त्याला बिचाऱ्याला वाईट वाटत होतं, भावाला नाही.

तिसऱ्या गोष्टीचा मला अजून संताप येतो. पालघरला हस्तकलेचं प्रदर्शन होतं. भावाने तिथे आमच्या मालाचा स्टॉल लावला आणि मला नऊवारी नेसायला लावून पुढे बसवलं, ठिय्या आणि शिकंजा टेम्पोतून नेऊन. मागच्या फळीवर सगळा मशीनचा माल आणि वर पाटी, 'हाताने कोरलेली पारंपरिक कला'. मला कोरायला जो ठोकळा दिला होता त्यात मोर आधीच मशीनने काढून ठेवलेला होता. मी फक्त छिन्नी धरून वरवर टकटक करायची. लोक यायचे, माझ्या शेजारी बसून फोटो काढायचे. एक पाहुणे माईकवरून बोलले की हा वारसा जपला पाहिजे, या माउलीच्या हातात आपली संस्कृती आहे. माउलीच्या हातात त्या वेळी काहीच नव्हतं. टाळ्या पडल्या. वडिलांनी असा आयता मोर माझ्या पुढ्यात बघितला असता तर हातोडी काढून घेतली असती. घरी आल्यावर मी भावाशी चार दिवस बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

यानंतर पडवीचा विषय निघाला. भावाला दुसरं मशीन घ्यायचं होतं आणि ते ठेवायला पडवीच हवी होती. घर त्याचं, पडवी त्याची, मी लेक, सासरची. मला हे कळतं. पण त्या खिडकीच्या उजेडाशिवाय मला बारीक रेघ दिसत नाही, आणि त्या ठिय्याशिवाय माझा हात बसत नाही. पडवी गेली तर माझं कोरणं गेलं, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून तो विषय काढायचा आणि सोडून द्यायचा, ताकास तूर लागू न देता.

त्याच सुमारास जवळच्या दांडी गावातली एक बाई आली. मासळी विकणारी, माझ्याच वयाची, आवाज वाऱ्यात बोलायची सवय असलेला. तिने पदराची गाठ सोडून कानातलं एकच फूल ठिय्यावर ठेवलं.

"ही फुली माझ्या आयची हाय. दुसरी बोटीतून मासली उतरताना पडली, दर्यात गेली. आय तर गेली मागच्या साली. माझ्या पोरीचं लगीन हाय, तिला जोडी घालायची. अशीच्या अशी पायजे."

मी फूल हातात घेतलं. पाच पाकळ्या आणि एका बाजूला वळलेलं पान, पण सगळं झिजून मऊ झालेलं. एका कडेला तर पाकळी जवळजवळ गेलीच होती. मी ते उलटं केलं. पत्र्याच्या मागच्या बाजूला झीज लागत नाही. तिथे पानाची शीर दिसली. ती कडेपर्यंत न जाता अलीकडेच एका हलक्या ठोक्यावर थांबलेली. अशी शीर आमच्या आळीत एकच माणूस थांबवायचा. पान कडेला फाटल्यासारखं दिसू नये म्हणून वडील तिथे हात आखडायचे.

त्या फुलाचा ठोकळा स्कॅन न होताच भंगारात गेलेल्यांतला होता.

भाऊ आतून आला. त्याने फूल बघितलं आणि म्हणाला, स्कॅन करू, दुसऱ्या कानासाठी उलटवू, उद्या डाय तयार. मी म्हटलं, मी कोरते. तो हसला. मग माझ्या रागाने तोंड उघडलं. मी त्या बाईसमोरच सांगितलं, तू मशीनवर कर, मी हाताने करते, दोन्हींतून तांब्याच्या पत्र्यावर नमुने काढू आणि तिच्या हातात देऊ. तिने माझं घेतलं तर पडवीचं नाव काढायचं नाही. तुझं घेतलं तर मशीन आण. बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला वाटलं असेल, हे लोक एका कानातल्यावरून घर का वाटून घेतायत. भाऊ म्हणाला, "चालेल."

मी इतकं मन लावून पूर्वी कधी कोरलं नसेल. मागच्या बाजूने जे दिसत होतं त्यावरून आणि वडिलांचा हात कसा चालायचा त्याच्या आठवणीवरून मी ती पाकळी न् पाकळी पुन्हा खणली. वडील कानातल्याच्या पाकळ्या नेहमीपेक्षा खोल घ्यायचे. केस घासतात, पदर घासतो, रोजचं वापरणं असतं, म्हणून पुढच्या पिढीपर्यंत आकार टिकावा एवढं पोलादात आधीच धरून ठेवायचं. ते फूल इतकी वर्षं ओळखू येत होतं ते त्या खोलपणामुळेच. मशीन हे कुठून जाणणार? त्याने जे दिसतं ते मोजलं. झिजलेली पाकळी झिजलेलीच उतरवली. मी भावाला म्हटलंसुद्धा, की तुझी डाय आताच अर्धी झिजलेली आहे, यातून काढलेलं फूल पोरीच्या हयातीतच सपाट होईल.

"सपाट झालं तर परत करायला येतील," तो म्हणाला. "बरंच हाय की."

माझा ठोकळा झाला तेव्हा मी अंगठ्याचं मूळ त्यात दाबलं आणि हात खिडकीशी नेला. घट्ट्यावर फूल उमटलं, पाचही पाकळ्या धारदार, पान वळलेलं, शीर अलीकडे थांबलेली. माझ्या हातावर वडिलांचं फूल. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत, कारण घरात कुणी नव्हतं. वाटलं, जिंकले. भट्टीत लाल करून, तेलात बुडवून ठोकळ्याला पाणी दिलं, म्हणजे तो कडक केला, तेव्हाही मनात तेच होतं.

बाई आली. भावाने दोन्ही नमुने पांढऱ्या कागदावर ठेवले आणि कुठला कुणाचा ते सांगितलं नाही. तेवढा तो सरळ वागला. तिने आधी माझं उचललं. तिचे डोळे मोठे झाले. "काय सुंदर झालंय," म्हणाली. भाऊ माझ्याकडे बघून हरल्यासारखी मान हलवू लागला. मग तिने दुसरं उचललं, आणि बघितलं नाही, नुसतं अंगठा आणि बोटात धरून चोळलं. पाकळी गेलेली ती कड. चोळत राहिली.

"आय बोलताना अशी चोळायची," ती म्हणाली. "गिऱ्हाईकाबरोबर घासाघीस चालायची तवा, नायतर कोण आजारी पडलं तवा. कायम हितंच अंगठा. आमी पोरं हसायचो तिला." मग तिने माझं फूल परत उचलून त्याच्यावरही अंगठा फिरवून बघितला आणि अलगद खाली ठेवलं. "ताई, तुझं लय सुंदर हाय. पण हे नवीन हाय. आयचं असं नवतं. मला ही घासलेलीच दे."

तिचं काही चुकलं नव्हतं. वडिलांनी फूल कोरलं, आणि मग तिच्या आईने त्याच्यावर जन्मभर अंगठ्याने काम केलं, सगळ्या कटकटी, दुखणी, भाव करणं त्या एका कडेवर घासून घासून. मी पहिला हात बघितला, दुसरा मला दिसलाच नाही. मशीनला दोन्ही दिसले, कारण त्याला यातलं काहीच कळत नव्हतं. माझं कोरणं खोटं ठरलं नाही. पण ते कुणालाच नको होतं, आणि हे मला जास्त लागलं.

सोनाराने मशीनच्या डायवर सोन्याचं फूल दाबून दिल्यावर बाई जोडी घेऊन गेली, लग्नाचं आमंत्रण देऊन. मी गेले नाही. दांडी काही लांब नाही, पण पाय उचलेना.

भावाने शब्द पाळला, म्हणजे मशीन आणलं. ते आत जाईना म्हणून पडवीची खिडकी फोडून मोठं दार केलं. त्या दाराला आता शटर आहे आणि ते धूळ येते म्हणून बंद असतं. ठिय्या पुढच्या खोलीत, दोन मशीनच्या मधल्या पट्टीत ठेवला आहे, वर ट्यूबलाइट. मी अजून रोज जाते. कारण मशीनला एक गोष्ट येत नाही. त्याची सुई कितीही बारीक असली तरी टोकाला गोल असते, त्यामुळे दोन रेघा मिळतात तिथला आतला कोपरा ती कधीच धारदार काढू शकत नाही. तिथे थोडं पोलाद उरतंच. ते छिन्नीनेच काढावं लागतं आणि त्याला हात लागतो. भाऊ आलेल्या गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगतो की आमच्याकडे अजून हाताचं काम होतं. ते खरंही आहे. ऑपरेटर ठोकळे आणून माझ्यापुढे रांगेत ठेवतो आणि म्हणतो, "दीदी, कोना मार दो." मग मी कोपरे मारते. गणपतीच्या मुकुटाचे कोपरे, मोराच्या पिसाचे कोपरे, कुठल्या कुठल्या पानांचे कोपरे. पान कोरायला मिळत नाही. आळीत आता टकटक ऐकू येते ती बहुतेक माझ्या कोपऱ्यांचीच, तीही मशीन थांबलं तर.

माझा तो ठोकळा, वडिलांच्या फुलाचा, शटर उघडं ठेवायचं असलं की खाली टेकू म्हणून लावतात. मी दोनदा उचलून आत आणून ठेवला. पुन्हा तिथेच दिसला, तेव्हा नाद सोडला. पावसात बाहेर राहिला तर गंजेल म्हणून तेल मात्र लावते.

मध्यंतरी मोठी ऑर्डर आली. दांडीच्या त्या जोडीचा फोटो भावाने फोनवरून व्यापाऱ्यांना पाठवला होता आणि त्यांना तो फार आवडला. जुना वाटणारा दागिना सध्या चालतो म्हणे, अँटिक. झिजलेली पाकळी जशीच्या तशी ठेवून लहान, मोठी, लॉकेटला, बांगडीला अशा डाय कापल्या गेल्या. आता कुठल्या कुठल्या शहरातल्या बायका आणि मुली त्या दांडीच्या म्हातारीच्या अंगठ्याची झीज नवीकोरी विकत घेऊन घालणार. ऑपरेटरने ते ठोकळे आणून माझ्यापुढे मांडले. भाऊ मागे उभा होता, घाईत.

मी पहिला उचलला, सवयीने अंगठ्याचं मूळ आत दाबलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं. घट्ट्यावर काहीतरी मऊ, गोलसर उमटलं आणि लगेच गेलं. दुसरा बघितला, तिसरा बघितला. छिन्नी हातात तशीच राहिली. वडिलांनी ज्या ज्या जागी दोन रेघा जुळवून टोक काढलं होतं त्या सगळ्या जागा त्या बाईच्या आईने घासून गुळगुळीत केल्या होत्या. कोपरा एकही नव्हता.

मी ठोकळे त्याच रांगेत परत ठेवले.

"झालं एवढ्यात?" भावाने विचारलं.

"झालं," म्हटलं.